हे घरी आले

किल्लीमास्तरांच्या बोटांवर रेघा उरल्या नव्हत्या. चौतीस वर्षं कानस चालवली, पितळेचा कीस अंगठ्यानं पुसला, गंजलेली कुलपं चिमटीत धरून कानाशी नेली. रेघा कशा राहणार? एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे, एवढंच. पण गावात कुणाची किल्ली हरवली की माणूस आधी तिथंच धावायचा. मास्तर कुलूप कानाला लावायचे आणि आतली कुठली खुंटी अडकली आहे ते डोळे मिटून सांगायचे.

मग बोटांची कुलपं आली. दुकानासमोरची गर्दी ओसरली. छप्पन्नाव्या वर्षी मास्तर एका कंपनीच्या तीन दिवसांच्या शिकवणीला जाऊन बसले. बाकी सगळे त्यांच्या निम्म्या वयाचे. पहिल्या दिवशी त्यांना हसले, तिसऱ्या दिवशी त्यांनाच शंका विचारायला लागले. कारण कुलूप चावीचं असो की बोटाचं, दार तेच असतं, आणि दार मास्तरांना कळायचं.

गिऱ्हाईक विचारायचंच, "मास्तर, आमच्या बोटाचा फोटो आत राहतो का हो? कुणी चोरला तर?"

"फोटो नाही ठेवत," मास्तर सांगायचे. "रेघ कुठं तुटते, कुठं तिला फाटा फुटतो, तेवढंच टिपून ठेवतं. आपण गर्दीत ओळखीचा माणूस चालीवरून ओळखतो की नाही? तसं."

त्यांच्या स्वतःच्या घरचं कुलूप मात्र त्यांना ओळखत नसे. दहाही बोटं लावून झाली, कुलूप आपलं 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. शेवटी बायको दार उघडायची. "जगाची दारं उघडून देता आणि स्वतःच्या दारात पाहुण्यासारखे उभे!" मास्तर म्हणायचे, "आत कुणीतरी आहे, म्हणून उभा राहतो."

पाच वर्षांत त्यांनी चारेकशे कुलपं बसवली. तक्रारी यायच्या त्या ठरलेल्या. सेल संपला, बोट ओलं आहे, पावसानं दार फुगलं. कुलूप कधी वेडं नसतं, दारच वाकडं असतं, असं ते म्हणायचे आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

त्या दिवशी सकाळी फोन आला तो एका बाईचा होता. आवाज शांत, पण ओढून ताणून शांत ठेवलेला.

"मास्तर, तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडं कुलूप बसवलंत. नदीपलीकडं, जुन्या गोदामासमोर, दुसऱ्या मजल्यावर."

"आठवलं. काय होतंय?"

"हे येतायत."

"कोण हे?"

"आमचे हे."

"मग येऊ द्या की!" मास्तर हसले.

मग बाई म्हणाल्या, "ते जाऊन आठ महिने झाले."

मास्तरांच्या हातातली कानस हातातच राहिली.

त्यांना ते घर लख्ख आठवलं. नवरा फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर, बायको दवाखान्यात नर्स. पॉलिशवाल्यानं स्वतःच्या घराचं दार स्वतःच असं घासलं-पुसलं होतं की त्यात तोंड दिसावं. नर्सबाईंची बोटं दिवसात पन्नास वेळा धुऊन आणि स्पिरिट लावून इतकी कोरडी झालेली, की कुलपानं ती घेतलीच नाहीत. त्यांच्यासाठी मास्तरांनी आकड्यांची खूण लावून दिली. पॉलिशवाल्याचा अंगठा मात्र पहिल्याच झटक्यात बसला. नाव काय लिहू, असं मास्तरांनी विचारलं, तर नर्सबाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "'हे' लिहा. घरात तेवढंच चालतं." तिघंही हसले होते. मास्तरांनी खरंच 'हे' लिहिलं. दार उघडलं की बाईंच्या फोनवर निरोप जायचा, 'हे घरी आले', आणि पुढं वेळ.

दुपारी मास्तर पोचले. दार उघडलं ते बाईंच्या नणंदेनं. भाऊ गेल्यावर वहिनीला सोबत म्हणून त्या राहायला आल्या होत्या. साठी उलटलेली, कमरेत वाकलेली बाई, पण आवाज खणखणीत. मात्र त्या दिवशी त्यांचा चेहरा बघितला तर कुणीही म्हणालं असतं, बाईंनी आठवडाभर डोळ्याला डोळा लावला नाही. बाहेरच्या खोलीत दाराजवळ एक जड लाकडी खुर्ची ओढून ठेवली होती.

"रोज हिला दाराला टेकवते," नणंदबाई म्हणाल्या. "रोज ही मागं सरकते."

नर्सबाईंनी फोन पुढं केला. मास्तरांनी चष्मा लावला. हे घरी आले, चार वाजून सतरा मिनिटं. हे घरी आले, चार सोळा. हे घरी आले, चार सोळा. खाली, खाली, खाली, तेरा दिवस.

"मी तेव्हा वॉर्डात औषधं वाटत असते," नर्सबाई म्हणाल्या. "खिशात फोन थरथरतो. पहिल्या दिवशी हातातला ट्रे पडला. आता पडत नाही."

"आणि घरात?"

"घरात मी असते ना!" नणंदबाई पुढं सरसावल्या. "आधी घर्रर्र आवाज. मग ते मेलं कुलूप बोलतं, 'स्वागत आहे'. मग दार हळूहळू आत येतं. आणि बाहेर कुणी म्हणता कुणी नसतं. जिना रिकामा. एकदा मी धीर करून विचारलं, दादा, काही राहिलंय का रे तुझं? मास्तर, मी शिकलेली नाही, पण खुळी नाही. ते बोट दुसऱ्या कुणाचं असू शकतं का?"

मास्तरांनी जीभ ओठांवरून फिरवली. "सख्ख्या जुळ्या भावाचंसुद्धा चालत नाही."

"मग?"

मास्तरांनी पिशवी उघडली. कुलपाचं मागचं झाकण काढलं, सेल तपासले, तारा बघितल्या, खिटी पुढं-मागं करून बघितली. सगळं ठाकठीक. शिकवणीत त्यांनी रबराच्या बोटाबद्दल ऐकलं होतं. कुणी ठसा घेऊन रबरात ओतला तर साधं कुलूप फसतं, असं. पण असला कुठला चोर, जो रोज दुपारी चारला येतो, दार उघडतो आणि आत पाऊलही टाकत नाही?

काम करताना मास्तरांची एक सवय होती. आधी काच पुसायची. बोट टेकवायची ती अंगठ्याएवढी काच. त्यांनी खिशातून फडकं काढलं, तोच नर्सबाईंचा हात मध्ये आला.

"ते नका पुसू."

मास्तर थबकले.

"गेले त्या दिवशी ते दुपारी मध्येच घरी आले होते. मला फोनवर निरोप आला, एक वाजून वीस मिनिटं. मी म्हटलं, काहीतरी विसरले असतील. मी कामावर, घरात कुणी नाही. काय न्यायला आले ते मला कळलंच नाही. परत कारखान्यात गेले आणि तासाभरात..." त्या थांबल्या. "त्यांचं शेवटचं बोट तिथं लागलंय. मी आणि वन्सं आकडे दाबतो. तिथं कुणी हात लावत नाही."

मास्तरांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. दुःखाचं असंच असतं, असं वाटून त्यांनी तो विषय तिथंच सोडला. नंतर या गोष्टीबद्दल ते स्वतःला बरंच काही बोलले.

दुकानात परत येऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कागदावरून वाचल्यासारखं सांगितलं, "वापरकर्ता यादीतून काढून टाका, सर." मास्तरांनी नर्सबाईंना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "घरातून काढलं, कामावरून काढलं, दवाखान्याच्या कागदांवरून काढलं. आता इथूनही काढू? आधी कळू दे, कोण येतंय."

दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच मास्तर त्या घरी जाऊन बसले. नर्सबाईंनी रजा काढली होती. तिघं बाहेरच्या खोलीत दाराकडं तोंड करून बसली. जशी काही गाडीची वाट बघत. नणंदबाईंनी चहा केला, पण कुणी प्यालं नाही. चार वाजले. चार वाजून पाच. खाली रस्त्यावर कुणीतरी फळी आपटली तेवढ्यानं नणंदबाईंनी मास्तरांची बाही धरली.

चार वाजून अकराला कुलपाच्या पोटात घर्रर्र झालं.

मास्तरांनी तो आवाज हजारदा ऐकला होता. त्यांच्या कानात मुरलेला होता तो. पण आपण बसवलेलं कुलूप, कुणी बोट न लावता, आपल्या डोळ्यांदेखत सरकताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. खिटी मागं गेली. 'स्वागत आहे,' कुलपातली बाई म्हणाली. चौकट जराशी कललेली होती, त्यामुळं दार आपल्या वजनानं आत यायला लागलं. कुणी बोटानं ढकलावं तसं, अगदी हळू. खुर्चीला लागलं. खुर्ची फरशीवर करकरत इंचभर सरकली.

बाहेर जिन्याचा चौक पिवळ्या उन्हानं भरला होता. तिथं कुणी नव्हतं.

नर्सबाईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. त्यांनी बघितलंही नाही. त्या उठल्या, खुर्ची बाजूला केली, दाराबाजूला उभ्या राहिल्या. कुणाला वाट द्यायला उभं राहतो तशा. मग दार लावून घेतलं.

मास्तर घरी कसे आले ते त्यांना आठवत नव्हतं. पायऱ्या उतरताना कठडा घट्ट धरला होता, एवढं आठवत होतं.

भीती वाटली की मास्तर हाताला काम द्यायचे. त्यांनी ती सगळी यादी एका कागदावर उतरवून काढली. चार सतरा, सोळा, सोळा, पंधरा. बायको बाजूला वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बघ ना," मास्तर म्हणाले, "मेलेला माणूस रोज अर्धं मिनिट लवकर येतोय."

"अहो, काहीतरीच!"

"आणि मंगळवार-बुधवार आलाच नाही. दोन दिवस गैरहजर."

बायकोनं शर्टाची बाही सरळ केली. "मंगळवार-बुधवार? तेव्हा ऊनच कुठं होतं? तुमची ही पँट तीन दिवस ओलीच होती. वास यायला लागला म्हणून पुन्हा धुतली."

मास्तर बायकोकडं बघत राहिले.

"काय झालं?" ती म्हणाली. "पँटला काय झालं?"

शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एक वाक्य वहीत लिहून घेतलं होतं आणि मग विसरून गेले होते. काचेखालून उजेड टाकून बोट बघणारी जी साधी कुलपं असतात, ती कधी उन्हाच्या समोर लावायची नाहीत आणि त्यांची काच मळू द्यायची नाही. का, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्या जिन्यात ऊन येतच नव्हतं. समोर गोदामाची भिंत होती. दिवसाढवळ्या दिवा लावून त्यांनी ते कुलूप बसवलं होतं. आणि आज चौकात एवढं ऊन कुठून आलं? गोदामच नव्हतं तिथं. पाडून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मास्तर आत गेले नाहीत. जिन्याच्या चौकात, दारासमोर, एकटेच उभे राहिले. खिडकीतून गोदामाची मोकळी जागा दिसत होती. विटांचे ढीग, पत्र्याचं एक खोपट, त्याच्यासमोर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेला म्हातारा पहारेकरी.

चारला ऊन खिडकीच्या कडेवर आलं. मग भिंतीवर. मग चौकटीवर. पॉलिशवाल्यानं घासलेल्या दारावर ते पडलं तेव्हा लाकूड आतून पेटल्यासारखं झळाळलं. मास्तर वाकले, डोळे काचेशी नेले. उन्हाची कड मुंगीच्या चालीनं काचेवर चढली.

आणि काचेत बोट उगवलं.

दुसरा शब्द नव्हता. जी काच रोज कोरी दिसायची, तिच्यात तिरप्या उन्हानं एकेक रेघ उभी राहिली. मध्ये भोवरा, त्याच्याभोवती वळणं, डाव्या अंगाला एक जुना कापल्याचा व्रण. पॉलिशचं बोट होतं ते. लाख आणि स्पिरिट कालवून लाकडावर घासतात ते पॉलिश. स्पिरिट उडून गेलेलं आणि लाख काचेवर तशीच राहिलेली, केसाहून पातळ, काचेसारखीच पारदर्शक. त्या दिवशी तो माणूस हात न पुसताच घाईघाईनं घरी आला होता. बोटाबरोबर त्याचा हात असावा, हातामागं माणूस असावा, असं वाटण्याइतकं ते स्पष्ट होतं. मास्तर नकळत मागं सरकले, जागा द्यायला.

घर्रर्र. 'स्वागत आहे.'

मास्तरांनी हात लांब करून दार ओढून घेतलं आणि तळवा काचेवर आडवा धरला, न टेकवता. ऊन अडलं. कुलूप लागलं आणि गप्प राहिलं. तळवा काढला. घर्रर्र. 'स्वागत आहे.' दार ओढलं, पुन्हा तळवा धरला, पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी एखाद्या माणसाच्या तोंडासमोर आपण दार लावतोय आणि उघडतोय असं त्यांना वाटलं.

आतून नर्सबाईंचा आवाज आला, अगदी घरगुती, जरासा वैतागलेला. "किती वेळा आत-बाहेर? एकदा काय ते ठरवा ना!"

मग दार उघडलं, बाईंनी त्यांना बघितलं, आणि बाईंचा चेहरा असा उतरला की मास्तरांना आपण काहीतरी चोरताना सापडल्यासारखं झालं.

आत बसून त्यांनी सगळं सांगितलं. गोदाम, ऊन, काच, लाख. तिरपं ऊन पडलं की लाखेच्या रेघा उजळतात आणि कुलपाला वाटतं, आत्ताच कुणी बोट टेकवलं. नणंदबाईंनी मध्येच हात जोडले. "सुटले बाई! म्हणजे भूत नाही. मग आधी पुसा ते. आत्ताच्या आत्ता पुसा."

नर्सबाईंनी विचारलं, "पण बोट त्यांचंच ना?"

"त्यांचंच. मी डोळ्यांनी बघितलं. डावीकडं कापल्याचा व्रणसुद्धा आहे."

"पत्र्यानं कापलं होतं. मीच टाके घातले." त्या आपल्या हातांकडं बघत होत्या. "म्हणजे कुलूप खोटं सांगत नव्हतं."

"नाही. त्याला जेवढं कळतं, तेवढं त्यानं खरंच सांगितलं."

"किती दिवस असं चालेल?"

"ऊन रोज सरकतंय. दहा-बारा दिवसांत काचेवरून उतरेल. शिवाय समोर नवी इमारत उठणार आहे. पण ताई, तोवर हे दार रोज उघडं पडणार. कुणीही आत येईल. हे असं ठेवणं बरं नाही."

"दहा दिवस," नर्सबाई म्हणाल्या. "मी सकाळची पाळी मागून घेते. साडेतीनला घरी येत जाईन. तेवढे दिवस राहू द्या, मास्तर. आठ महिन्यांत मी एकदाही घरी त्यांची वाट बघितली नाही. ते होते तेव्हा नेहमी तेच माझी बघायचे."

चौतीस वर्षांत मास्तरांनी बिघडलेलं कुलूप तसंच सोडून कुणाच्या घरातून पाय काढला नव्हता. त्या दिवशी काढला. नणंदबाई जिन्यापर्यंत आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पण तिचंच ऐकलंत. मी कुणाला सांगू? कालपासून त्याला घ्यायला ती दारात उभी राहते, तेव्हा तिच्याकडं बघवत नाही. पावडर लावते हो तोंडाला."

मास्तरांनी ठरवलं, रोज चारच्या आत आपण इथं यायचं, निदान खाली जिन्याच्या तोंडाशी तरी उभं राहायचं. सहा दिवस ते आले. वर जायचे नाहीत. खालूनच दुसऱ्या मजल्यावरचं ऊन बघायचे, घर्रर्र ऐकू येतंय का ते ऐकायचे, आणि दार पुन्हा लागल्याचा आवाज आला की निघायचे. एके दिवशी त्यांना बाईंचं हसणं ऐकू आलं. एकटीचंच. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले.

सातव्या दिवशी त्यांना दुसऱ्या एका कामावर उशीर झाला. कुणाचं तरी बाळ खोलीत कोंडलं गेलं होतं, तिथून हलता येईना. नदीपलीकडं पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. पहिल्या मजल्यावर होते तोच वरून नणंदबाईंची किंकाळी आली.

मास्तर दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. दार सताड उघडं. दारात आत, उन्हाला पाठ करून, एक पुरुष उभा होता. उन्हात त्याचा नुसता काळा आकार दिसत होता. समोर नर्सबाई, पावडर लावलेल्या, एक हात पुढं केलेला, तो हात तसाच हवेत. नणंदबाई भिंतीला चिकटलेल्या, त्यांची दातखीळ बसलेली.

आकार वळला. डोक्याला टॉवेल, हातात रिकामी बाटली. समोरच्या जागेवरचा म्हातारा पहारेकरी. तो नणंदबाईंपेक्षा जास्त घाबरला होता.

"मी पाणी मागायला आलो हो!" तो मास्तरांना म्हणाला. "खालच्या नळाला पाणी नाही. घंटी दाबायला हात वर केला तर दार आपणच उघडलं. आतून बाई म्हणाली, स्वागत आहे. मग ह्या बाई आल्या आणि म्हणाल्या, 'आलात?' मी म्हटलं, हो."

नर्सबाईंनी हात खाली घेतला. मग त्याच्या हातातून बाटली घेतली, आत जाऊन भरून आणली आणि त्याला दिली. तो बाटली छातीशी धरून भिंतीला अंग घासत खाली उतरला.

"मला एक क्षण ते वाटले," नर्सबाई म्हणाल्या. "'हो' म्हणाला ना तो, तेव्हा. आणि मास्तर, सांगू का? मला आनंद नाही झाला. मी घाबरले. इतकी घाबरले की वाटलं, दार लावून घ्यावं. रोज वाट बघते, आणि खरंच कुणी उभं राहिलं तर..." त्यांनी पदरानं तोंडावरची पावडर पुसली. "वन्सं, मला माफ करा. तुम्हाला फार छळलं मी."

नणंदबाईंना एवढ्यात कुठं कंठ फुटला. "मेली माफी! आधी पाणी दे मला."

नर्सबाईंनी पर्समधून कापूस आणि स्पिरिटची छोटी बाटली काढली. मास्तर पुढं झाले, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दाराबाहेर येऊन काचेसमोर उभ्या राहिल्या. ऊन अजून तिथंच होतं. भोवरा, वळणं, व्रण, सगळं दिसत होतं. त्यांनी ते प्रथमच असं बघितलं. सुई टोचण्याआधी दंड पुसतात तसा त्यांनी कापूस टेकवला. एकदा. लाख विरघळून पिवळसर ओघळ आला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. कापूस उलटा करून कोपरे पुसले. स्पिरिटचा आणि लाखेचा वास जिन्यात पसरला, क्षणभरच, आणि उडून गेला.

"झालं," त्या म्हणाल्या, वॉर्डात म्हणतात तशा.

यादीतलं नाव काढायचं का, असं मास्तरांनी विचारलं नाही. बाईंनीच सांगितलं, आजच नको, पण वन्संचं बोट घाला. आता त्या इथंच राहणार आहेत. नणंदबाईंनी कुलपाकडं विंचवाकडं बघावं तसं बघितलं, तरी अंगठा पुढं केला. पहिल्या झटक्यात बसला. नाव काय लिहू, यावर त्या फणकारल्या, "माणसासारखं लिहा हो काहीतरी! 'हे-ते' नको." मास्तरांनी 'वन्सं' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चारला तिघंही जिन्यात उभी होती. ऊन काचेवर चढलं. काच कोरी राहिली. ऊन दारावरून चौकटीवर, चौकटीवरून भिंतीवर गेलं. कुलूप मुकाट होतं. नणंदबाई भाजी आणायला म्हणून खाली गेल्या, महिन्याभरात पहिल्यांदाच एकट्या. नर्सबाईंनी मास्तरांना चहा दिला आणि या वेळी दोघंही तो प्याली.

मास्तर निघाले. गोदामाच्या जागेपाशी पहारेकरी विटांवर बसला होता. मास्तरांना बघून उठून जवळ आला.

"काल उगाच घोळ झाला," तो म्हणाला. "मी काही चोर नाही. पण एक विचारू? त्या घरात माणसं किती?"

"दोघी. नणंद-भावजय."

"पुरुष नाही?"

"होता. आठ महिन्यांपूर्वी गेला. पॉलिशचं काम करायचा."

पहारेकऱ्यानं मान हलवली, जणू हिशेब जुळला. "तरीच. दार उघडलं ना, तेव्हा आतून पॉलिशचा वास आला. ओल्या पॉलिशचा. मी म्हटलं, आत काम चाललंय, म्हणून तर आत पाऊल टाकलं. नाहीतर बायामाणसांच्या घरात मी कशाला शिरतो?"

मास्तर म्हणाले, दाराला तीन वर्षांपूर्वी केलेलं पॉलिश आहे, उन्हानं तापलं की वास येतो. किंवा बाईंनी काच पुसली, स्पिरिट लावून, त्याचा आला असेल.

"पुसली कधी?"

"तू खाली गेल्यावर," मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की त्यानं वास घेतला तो त्याच्या आधी.

"आणि तीन वर्षांचं वाळलेलं दार वास नाही मारत हो," पहारेकरी म्हणाला. "मी सुतारकाम केलंय."

मास्तरांनी वर, दुसऱ्या मजल्याकडं बघितलं. चौकातलं ऊन उतरून गेलं होतं, खिडकी काळी दिसत होती. नणंदबाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडत येत होत्या. मास्तर त्या जिन्यात शिरेपर्यंत थांबले. मग पहारेकऱ्याला म्हणाले, "वर सांगू नकोस हे," आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन नदीच्या दिशेनं चालू लागले.